पाचवरची आग

मागच्या थंडीत इथंच भिलाईत, जुनवानीला, एका लग्नाला गेले होते. नवरीमुलगी नक्की कोणाची, हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही. पण पैठणी नेसायला कारण मिळालं होतं, आणि या वयात असली कारणं सोडायची नसतात. स्टेजवर फोटो चालले होते तेव्हा मी हळूच मंडपाच्या मागे, आचाऱ्यांच्या बाजूला सटकले. तिथं पेलेटच्या शेगड्या ओळीनं लावलेल्या. स्टीलचा ढोल, खाली पंखा, बाजूला एक ते पाच आकड्यांचं गोल बटण. भाज्यांखालच्या शेगड्या मंद, आळसावलेल्या होत्या. पुऱ्यांच्या कढईखालची एकटी पूर्ण जोरात भरभरत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले ती राहिलेच.

कॅटररचा माणूस जवळ आला. "माताजी, पनीर अंदर है. लाइन में लगिए."

"पनीर नाही पाहिजे मले," मी म्हटलं. "ही कितीवर ठेवली?"

त्याला मराठी कळलं नाही. म्हातारी भुकेली आहे असं समजून त्यानं माझ्या हातावर एक गरम पुरी ठेवली. मी ती खाल्ली, पैठणीला हात पुसता पुसता थांबले, आणि परत आगीकडे पाहिलं. आग कितीवर आहे, हे सगळ्यांच्या आधी विचारायचा मान एका माणसाचा होता. तो माणूस आता नाही. मी उगीच त्याच्या वतीनं विचारून घेतलं.

डोमाभाऊ गायधने आमचे शेजारी. आधी स्टील प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरात भिंतीला भिंत लागून, आणि रिटायर झाल्यावर रुआबांध्यात कुंपणाला कुंपण लागून. भंडाऱ्याकडची धानाची शेती भावांवर सोडून ते प्लांटमध्ये लागले आणि पोलाद वितळवणाऱ्या भट्टीसमोर त्यांची सगळी नोकरी गेली. आमचे हे टाइम ऑफिसात, पंख्याखाली. त्यामुळे दोघांच्या रंगात जो फरक होता तो भाजलेल्या आणि न भाजलेल्या पापडाएवढा.

त्यांची माझी पहिली भेट मी सांगितली नाही तर आमच्या घरातलं कोणी ना कोणी सांगेलच, तेव्हा मीच सांगते. मी नवी नवरी. मॅट्रिक पास, म्हणजे जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी खात्री. भिलाईत येऊन आठवडासुद्धा झाला नसेल. तिन्हीसांजेला अंगणात आले तर प्लांटच्या बाजूचं अर्धं आभाळ लालभडक. मी आत पळाले, नळाखालची बादली उचलली आणि डोक्यावरचा पदर सांभाळत, पाणी सांडत, "आग लागली, आग लागली" करत रस्त्यावर धावले. बादलीभर पाण्यानं मी अर्धं आभाळ विझवणार होते. एक माणूस सायकलवरून ड्यूटी संपवून येत होता. त्यानं पाय टेकला.

"वहिनी, ते स्लॅग ओतून राहिले, भट्टीतला वितळलेला मळ. रोज ओततात. तुमच्या बाल्टीनं नाही विझत ते."

तेव्हापासून मी बाल्टीवाली वहिनी. माझी मुलं मोठी झाली, लग्नं झाली, नातवंडं आली, तरी डोमाभाऊ कुंपणापलीकडून हाक मारत ती तीच. "बाल्टीवाली वहिनी, चहा झाला का?"

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक निळी काच असे. लाकडी चौकटीत बसवलेली, तळहाताएवढी. भट्टीतली आग उघड्या डोळ्यांनी पाहता येत नाही. त्या काचेतून पाहिली की आतलं पोलाद कसं आहे ते दिसतं म्हणे. रिटायर होताना ती परत करायची राहिली, का त्यांनी राहू दिली, हे मी कधी विचारलं नाही. पण ते त्या काचेतून काहीही पाहत. ग्रहण पाहत, त्याचं ठीक आहे. आमच्या ह्यांची नवी स्कूटर पाहिली. मी पहिल्यांदा केलेले गुलाबजाम पाहिले आणि म्हणाले, "आतून कच्चे आहेत." होतेच कच्चे. मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. "आधी रंग पाहा, मग बोला," हे त्यांचं सगळ्याला उत्तर. भाजी असो, नेता असो, पाहुणा असो.

बायको शांताबाई लवकर गेली. एकुलता मुलगा सुनील ओडिशाकडं कुठल्या कुठल्या साइटवर ठेकेदाराकडं काम करी आणि महिन्या-दोन महिन्यांनी घरी येई. घर चालवी ती सून, वंदना. ती डबे करायची. सकाळी हथखोजच्या कारखान्यांत, संध्याकाळी जुनवानीच्या हॉस्टेलात. गॅस पुरेना, तेव्हा तिनं पेलेटची शेगडी घ्यायचं ठरवलं, आणि रिटायर झाल्यापासून व्हरांड्यात नुसते बसून राहिलेले डोमाभाऊ एकदम उभे झाले.

"आग मी पाहीन," ते म्हणाले.

हथखोजला त्या शेगड्या बनवणारी एक शेड होती. खरेदीला वंदना, डोमाभाऊ आणि मी असे तिघं गेलो. माझं काय काम होतं? काही नाही. मी तेव्हा साठीच्या आतली तरुणी होते. कोणाच्याही खरेदीत माझ्या मताची गरज असते अशी माझी समजूत. मालकानं शेगडी पेटवून दाखवली, बटण तीनवर नेलं आणि म्हणाला, "बस, इतने में सब बन जाता है."

"पाचवर कर," डोमाभाऊ म्हणाले.

"चाचा, पाँच की ज़रूरत नहीं पड़ती."

"मग पाच कावून लिहिलं?"

त्यानं पाचवर केली. डोमाभाऊंनी खिशातून काच काढली, डोळ्याला लावली आणि एका उपड्या डब्यावर बसले. पाहतच राहिले. मालक घड्याळ पाहू लागला. ढोलावरच्या रंगाला फोड आले, मग तो पापडासारखा सोलून निघाला. दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, मग तिसरं. मालक हात जोडून म्हणाला, "चाचा, शो-पीस जल गया मेरा." डोमाभाऊंनी काच खाली केली. "हीच घेतो. हिनं तोंड दाखवलं."

त्या शेगडीचं तोंड मीही पुढं रोज पाहिलं, म्हणून सांगते. पेलेट म्हणजे धानाचा कोंडा दाबून केलेल्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या. पहिल्या दिवशी पोतं फाटकाशी ठेवलं तर गल्लीतल्या गाईनं सरकीची ढेप समजून तोंड घातलं होतं. पेटवल्यावर शेगडी थोडा वेळ पिवळट धूर सोडते, डोळ्यांत जातो. मग पंखा वाढवला की धूर असा नाहीसा होतो जसा कोणी आतून ओढून घेतला. एकवर, दोनवर ज्वाळा नारिंगी, बुटकी, इकडून तिकडे लवणारी. तीनवर ती सरळ उभी राहते. पाचवर मात्र ती ज्वाळा राहतच नाही, वेगळंच काही होतं. वरच्या कड्याला गोल भोकं असतात. त्यांतून हवा आत घुसते आणि प्रत्येक भोकापाशी आगीची एक पाकळी मधोमध वळते. कडेला पिवळी, आत पांढरी, बुडाशी कुठं कुठं निळी. धूर नाही, काजळी नाही. कडं लाल होतं. आवाज असा की भरलेला ट्रक चढाला लागलाय. भाताचा मोठा गंज ठेवला तर मी एक चुगली सांगून संपवेपर्यंत त्याला उकळी.

पण पाचवर ती खाते फार. आणि एक खोड आहे तिच्यात. कोंड्याची राख इतक्या आगीत वितळते आणि काचेसारखे खडे धरते. ते भोकांशी चिकटले की तीच पांढरी आग लाल होते, लांब होते, आणि गंजाच्या बुडाला काळं फासते.

डोमाभाऊंनी तो खडा पहिल्यांदा चिमट्यात धरला तेव्हा त्यांचा चेहरा शांताबाई परत आल्यासारखा झाला. "अरे, हे तर स्लॅग आहे." आणि भट्टीत स्लॅगसाठी चुना टाकतात, म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी भिंतीचा चुना आणून मूठभर शेगडीत टाकला. भट्टीत काय होतं मला माहीत नाही. इथं खालून पंखा होता. चुना जसा गेला तसाच वर आला. त्यांच्या मिशीत, माझ्या चष्म्यावर आणि वंदनाच्या वांग्याच्या भाजीत. ती भाजी फेकावी लागली. वंदना नवी वांगी चिरायला बसली. डोमाभाऊ पांढऱ्या मिशीनं बराच वेळ शेगडीकडं पाहत होते.

"वहिनी, हसून राहिल्या का?"

"नाही हो. ठसका लागला."

"बाल्टी घेऊन या मग."

असे ते दिवस चांगले गेले. डोमाभाऊ तेलाच्या उपड्या पिंपावर बसत, एका हाती चिमटा, एका हाती काच. वंदना गंज चढवी, ते आग चढवत-उतरवत. दाळीला दोन, भाजीला तीन, भाताला पाच. डबे वेळेवर जात. मी एकदा म्हटलं, "डोमाभाऊ, आता आराम करा, किती दिवस धगीत बसता?" तर ते अगदी शांतपणे बोलले. "वहिनी, मले आगीपासून उठवू नका. बाकी कुठं बसवायचं तिथं बसवा." मग आपल्याच बोलण्यातली चूक लक्षात येऊन हसले. "म्हणजे बसवूच नका."

मग दाळ करपायला लागली.

आधी आठवड्यातून एकदा, मग दिवसाआड. डोमाभाऊ शेगडी पाचवरून खाली आणेनात. वंदना आतून ओरडे, "मामाजी, दाळीले दोनवर ठेवा नं."

"दोनवर काय आग असते का ते? उदबत्ती आहे ते."

"मामाजी, पोरं फोन करून राहिले. जली हुई दाल म्हणते."

"पोरांच्या जिभा जळल्या."

मी वंदनाची बाजू घेऊन चार शब्द सुनावले. मला वाटलं म्हातारपणाचा हट्ट आहे. मला काय काय वाटायचं त्या काळात. ते चहा कपाच्या बाजूला ओतत, मला वाटे हात कापतो. एकदा आमच्या दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या गाऊनशी ते बराच वेळ पाण्याच्या नळाबद्दल बोलत होते. मी खिडकीतून ऐकत होते, आणि गाऊननं उत्तर दिलं नाही म्हणून ते रागावून आत गेले, तेव्हा मी तोंडात पदर कोंबून हसले. ही गोष्ट मी महिनाभर गल्लीत नकला करून सांगितली. गाऊनचं काम मीच करायची.

मग मला वाटलं एवढी जिरली आहे तर आणखी थोडी जिरवू. त्यांची काच दुपारी व्हरांड्याच्या कट्ट्यावर असे. मी ती लाकडी चौकट घरी आणली, काच काढून बांगड्यांच्या डब्यात ठेवली आणि तिच्या जागी औषधाच्या खोक्याचा निळा पुठ्ठा कापून बसवला. नखानं दाबून दाबून. असा सुंदर बसला की माझी मलाच शाबासकी. चौकट जागेवर ठेवली आणि संध्याकाळी कुंपणापाशी तयारीनं उभी राहिले. ते काच डोळ्याला लावतील, अंधार दिसेल, मग शिव्या देतील, मग मी म्हणेन, आधी रंग पाहा, मग बोला. सगळं बोलणं पाठ करून ठेवलं होतं.

वंदनानं शेगडी पेटवली. पंखा पाचवर गेला. डोमाभाऊंनी चौकट उचलली, डोळ्याला लावली. आगीकडं तोंड केलं, मान थोडी तिरपी, नेहमीसारखी. पुठ्ठ्यावर आगीचा उजेड नाचत होता. त्यांनी नीट वेळ घेतला.

"हं," ते म्हणाले. "आली पांढरी. ठेव वंदना, गंज ठेव."

माझं पाठ केलेलं बोलणं तिथंच राहिलं. मी कुंपणाची तार धरली होती, तिचा वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत हातावर होता.

दिवेलागणीला ते आमच्या दारात आले. एका हातानं भिंत चाचपत. मला ते चाचपणं तेव्हा पहिल्यांदा दिसलं, इतके दिवस मला वाटे भिंतीवरची वाळवी पाहतात. आमचे हे आतल्या खोलीत टीव्हीवर बातम्या पाहत होते. डोमाभाऊंनी चौकट पुढं केली.

"हे तुमचं. माझी द्या."

"कधी कळलं?"

"नंतर. पुसाले घेतली तर बोटाले लागलं. काच थंड असते." ते पायरीवर बसले. "वहिनी, मी त्या काचेतून नाही पाहत. त्यातून आता काहीच नाही येत. नुसती लावतो. लोकांले सवय आहे."

मी विचारलं, कधीपासून. तर म्हणाले, दुर्गला एकटेच जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून आले होते. "नस सुकली म्हणते. गेलं ते येत नाही. राहिलं ते राहीन का, विचारलं, तर औषध टाका म्हणाला."

"भट्टीनं झालं का?"

"तो म्हणाला, कोणालेही होते. टाइम ऑफिसवाल्यालेही होते." ते आत टीव्हीच्या दिशेनं हसले. मग हसणं ओसरलं. "दोनवर मले काही दिसत नाही. तीनवरही नाही. काळं. पाचवर केली की दिसते. असं गोल, मधात पांढरं. तेवढंच दिसते आता मले सगळ्या घरात. वंदनाचं तोंडही नाही दिसत."

मी बांगड्यांच्या डब्यातून काच काढून दिली. त्यांनी ती पदरानं पुसायला मलाच दिली, मग खिशात ठेवली.

"वंदनाले सांगू नका. सांगितलं की ती सुनीलले सांगन, आणि तो मले उठवन. मग मी दिवसभर कुठं पाहू?"

मी हो म्हटलं. मग रोज दोन वेळा, डब्यांच्या वेळेला, विणकाम घेऊन त्यांच्या शेजारी बसू लागले. मला विणता येत नाही. एकच मोजा मी दोन हिवाळे विणत होते आणि तो कोणत्या पायाचा हे कोणीच सांगू शकत नव्हतं. पायाशी मी भरलेली बादली ठेवी.

"काकू, बाल्टी कावून आणता रोज?" वंदनानं विचारलं.

"हात धुवाले."

"आमच्या घरी नळ आहे नं."

"तुमचं पाणी जड आहे."

डोमाभाऊ मिशीत हसले. पण मला हसू येत नव्हतं. पाचवरच्या आगीजवळ तो माणूस बसायचा आणि त्याचा सदऱ्याचा हात कड्यापासून किती अंतरावर आहे, याच्यावर माझा जीव टांगलेला असे. "डोमाभाऊ, डावीकडं जरा," मी हळूच म्हणे. "थोडं मागं." "आता घाला कांड्या." त्यांना माझं सांगणं आवडत नसे आणि माझ्याशिवाय भागतही नसे. एखाद्या दिवशी ते मुद्दाम उलटं करत, आणि मी घामाघूम होई. सांगावं का वंदनाला, हे मी रोज संध्याकाळी ठरवी आणि रोज सकाळी त्यांचं ते "कुठं पाहू" आठवून मोडी.

एका सकाळी मला फाटकाशी भाजीवाल्यानं अडकवलं. वंदना कणीक मळत होती. डोमाभाऊंनी मदत म्हणून भाताचा गंज स्वतःच उचलून शेगडीवर ठेवला. तो अर्धा कड्यावर, अर्धा बाहेर बसला. आग पाचवर. उकळी आली तसा गंज हलला, आणि वंदना धावत आली तेव्हा कढत पेज तिच्या पायावर गेली.

मी बादली घेऊन पोहोचले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती बादली खरंच कामाला आली. वंदनाचा पाय त्यात बुडवून मी धरून बसले. डोमाभाऊ भिंतीला टेकून उभे होते. भात सगळीकडं सांडला होता, शेगडी मोकळी भरभरत होती, आणि ते त्या दिशेला पाहत म्हणत होते, "कोणाले लागलं? वहिनी, कोणाले लागलं?"

"मलेच थोडंसं, मामाजी," वंदना म्हणाली. "वरवरचं आहे."

संध्याकाळी पायाला पट्टी बांधून ती पलंगावर बसली होती, तेव्हा मी तिच्याजवळ गेले. दार लोटलं. म्हटलं, "वंदना, तुले एक सांगायचं आहे. डोमाभाऊंच्या डोळ्यांचं."

"मले माहीत आहे काकू."

"कधीपासून?"

"दाळ करपली तेव्हापासून. आयुष्यभर त्यांनी दुरून आग ओळखली, आणि दाळीखाली पाच ठेवतील का उगीच?" तिनं पट्टीची गाठ नीट केली. "मी मागच्या खोलीत गॅसवर दुसरी दाळ करतो. डब्यात ती जाते. पोरांचे फोन कधीचे बंद झाले. मामाजीसमोर मी तसंच म्हणत राहतो, नाहीतर त्यांले शंका येईन. त्यांची दाळ मी गाईले टाकतो."

म्हणजे एकाच अंगणात एक माणूस दिसत असल्याचं सोंग करत होता, दुसरी दाळ करपल्याचं, आणि तिसरी मोजा विणण्याचं. त्यातलं माझं सोंग सगळ्यांत वाईट होतं.

सुनील दोन दिवसांनी आला. बायकोचा पाय पाहिला, बापाचे डोळे पाहिले. त्याचंही चुकीचं नव्हतं. दूर राहणाऱ्या माणसाला घर अचानक असं दिसलं की तो घाबरतो.

"बाबा, अब बस. शेगडी विकून टाकतो मी. डबे गॅसवर करू, कमी करू. तुम्ही आराम करा."

डोमाभाऊ वाद घालायचे नाहीत कधी मुलाशी. ते पिंपावर बसले होते. "करतो आराम," ते म्हणाले. "कुठं तोंड करून बसू, तेवढं दाखवून दे."

सुनीलला ते कळलं नाही. वंदनाला कळलं. ती लंगडत दारात आली.

"शेगडी माह्या डब्यांच्या पैशांनी आली. मी विकत नाही."

"मग परत आगीत बसवशील त्यांले? तुझा पाय पाहा."

"तिच्यावर काही ठेवणार नाही. स्वयंपाक गॅसवर. संध्याकाळी नुसती पेटवीन, पाचवर. मी नाहीतर काकू बाजूले बसू. कांड्या संपल्या की बंद."

"नुसती? काही न शिजवता? पागल झाली का? फुकट जाळायचं?"

"तुमी क्रिकेट पाहता टीव्हीवर," वंदना म्हणाली. "त्यात काय शिजते?"

सुनील माझ्याकडं पाहू लागला, मोठी बाई काही समजावेल म्हणून. मी मोज्याचे टाके मोजत बसले. त्याची सुटी संपली, तो गेला. शेगडी राहिली.

मग रोज संध्याकाळी डबे गेले की वंदना एक वाडगंभर कांड्या घाली, धूर जाऊ देई आणि बटण फिरवी. पेटताना ते विचारत, "कितीवर?" आणि ती म्हणे, "पाचवर, मामाजी." वर गंज नसे, तवा नसे. नुसती आग. गल्लीतले लोक फाटकातून पाहत, कोणी म्हणे थंडी वाजते का, कोणी म्हणे म्हाताऱ्याचं डोकं गेलं. ते मात्र कधी नव्हे इतके निवांत बसत. काच खिशातच. "आज मधात जास्त पांढरी आहे," म्हणत. "उजवीकडं भोक बुजलं एक." बुजलेलं असे. त्या उजेडात त्यांच्या चेहऱ्यावरचे भाजल्याचे जुने डागसुद्धा मला दिसत, जे मी भिंतीला भिंत लागून राहूनही कधी नीट पाहिले नव्हते.

मी त्यांना त्या पिंपावर शेवटचं पाहिलं ती थंडीच्या सुरुवातीची संध्याकाळ होती. त्यानंतर ते पलंगाला लागले, आणि फार दिवस काढले नाहीत.

त्या संध्याकाळी कांड्या नव्या पोत्यातल्या होत्या, कोरड्या, खडखडीत. वंदनानं पेटवली. धूर उडाला. बटण तिनं शेवटपर्यंत फिरवलं. इतकी सुरेख आग मी त्या शेगडीत पाहिली नव्हती. सगळ्या पाकळ्या सारख्या वळलेल्या, मधोमध पांढरं इतकं की मी डोळे बारीक केले. कडं लाल व्हायला लागलं. पंखा भरभरत होता. बादली माझ्या पायाशी, तिच्या पाण्यातही आग हलत होती.

डोमाभाऊ तिच्याकडं तोंड करून बसले होते. बराच वेळ.

"वंदना," ते म्हणाले. "आज पाचवर नाही केली का?"

वंदनाचा हात अजून बटणावरच होता. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं. ट्रक चढाला लागल्यासारखा तो आवाज आमच्या तिघांच्या मध्ये चालला होता, आणि त्या माणसाचे कान शाबूत होते.

"कांड्या ओल्या आहेत, मामाजी," ती म्हणाली. "उद्या दुसरं पोतं फोडतो."

त्यांनी मान थोडी तिरपी केली, नेहमीसारखी. पंख्याचा आवाज ऐकला. धग त्यांच्या गालावर होती, हातावर होती. त्यांनी खिशातून काच काढली, अंगठ्यानं एकदा पुसली आणि माझ्या बाजूला धरली. मी घेतली.

"हो," ते म्हणाले. "ओल्याच असतील."